अण्णांच्या डोक्यावरचा पत्रा

मागच्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले होते, मी कॉलेजवरनं आले तर माझे वडील, म्हणजे अण्णा, गॅरेजमध्ये स्टुलावर बसलेले, डोक्यावर ओला पंचा, समोर कुणाचं तरी पायमशीन उघडून ठेवलेलं, हातात शटल, आणि तो हात थरथरत होता. मी म्हणलं अण्णा आत चला, तर म्हणाले "एवढं शटल बसवतो आणि आलोच". उठायला गेले आणि भिंतीला धरून तसेच उभे राहिले, डोळ्यापुढं अंधारी आली होती. आत आणून झोपवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं, संध्याकाळी डॉक्टरांकडं नेलं तर बीपी खाली आलेलं. डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय, दुपारचं बाहेर पडू देऊ नका. पण अण्णा बाहेर पडलेच नव्हते, ते सावलीत बसले होते, आणि ती सावली पत्र्याची होती.

आमचं घर सांगलीत विश्रामबागच्या पुढं आहे. घराला लागून १२ बाय १८ फुटाचं गॅरेज, तीन बाजूंनी विटांच्या भिंती, पुढं शटर, वर पत्रा. कारसाठी बांधलं होतं पण कार काही झाली नाही, तिथं माझी स्कूटर उभी असते आणि बाकी सगळी जागा अण्णांची. अण्णा एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, रिटायर झाल्यावर शिलाई मशीन दुरुस्त करायला लागले आणि आता कॉलनीतल्या आणि आसपासच्या बायका त्यांच्याकडंच मशीन आणतात. बायकांची सवड दुपारची असते, सकाळचं सगळं आवरून दीड-दोनला येतात, म्हणून अण्णांचं काम पण दुपारचंच. त्यांना दुपारी बसू नका म्हणणं म्हणजे काम बंद करा म्हणणं, आणि ते मला करायचं नव्हतं. काम बंद झालेली माणसं कशी पटकन म्हातारी होतात ते मी आमच्याच नात्यात बघितलंय.

आधी लोक जे करतात ते सगळं आम्ही करून बघितलेलं. पंखा तर होताच, पण पंखा काय करतो, वरची गरम हवा खाली ढकलतो, आणि मुळात त्रास हवेचा कमी आणि पत्र्याच्या धगीचा जास्त असतो. चुलीसमोर बसलं की मधली हवा तापायच्या आधी आपलं तोंड भाजतं ना, तसंच डोक्यावरचा तापलेला पत्रा सरळ माणसावर उष्णता फेकतो, आणि वाऱ्यानं ती धग काही उडून जात नाही. गोणपाट ओलं करून वर टाकलं, दोन तास बरं वाटायचं, मग कोरडं, परत पाणी, आणि खिळ्यापाशी गंज चढायला लागला. उसाचं पाचट टाकायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे, गोठ्यावर चालतं पण, इथं खाली पेट्रोलनं पार्ट धुतात आणि वर वाळकं पाचट, ते मला मान्य नव्हतं. पांढरा रंग दिला त्याचा मात्र खरंच फायदा झाला, पण धूळ बसली की तो फायदा कमी होत जातो, आणि आमच्या रस्त्यावर धुळीला तोटा नाही.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन, म्हणजे उष्णता जायच्या तीन वाटा, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला हिशोब नाही, आणि माझ्याच घरात वडील पत्र्याखाली भाजत होते, हे मला त्या संध्याकाळी फार लागलं.

पहिलं काम केलं ते मोजायचं. कपाळाचा ताप मोजायची गन घरात होती पण ती पत्र्याला चालत नाही, शरीराच्या तापाच्या वर गेलं की नुसतं "हाय" दाखवते, म्हणून कारखान्यात वापरतात तसली इन्फ्रारेड गन एका मैत्रिणीच्या मिस्टरांकडनं आणली, ते कुपवाड एमआयडीसीत आहेत. इथं एक गोष्ट नीट सांगते कारण बऱ्याच जणांची चूक इथंच होते. पत्रा जिथं अजून चकचकीत आहे तिथं गन मारली तर ४४ दाखवलं आणि गंजलेल्या भागावर ५८. पत्रा तर एकच. चकचकीत धातू स्वतःचं रेडिएशन कमी सोडतो आणि समोरच्या वस्तूंचं परतवतो, त्यामुळं गनला खरं कळत नाही. मग वायरला लावतात ती काळी चिकटपट्टी पत्र्याला आतनं चिकटवली, पाच मिनिटं थांबले, आणि पट्टीवर गन मारली. ६१. बाहेर सावलीत तेव्हा ३९ होतं.

आता ह्याचा हिशोब बघा. गॅरेजचं छप्पर २१६ स्क्वेअर फूट म्हणजे साधारण २० चौरस मीटर. पत्रा आतल्या हवेपेक्षा २५ डिग्रीनं जास्त गरम धरला तर नुसत्या पत्र्याखाली दर चौरस मीटरला दीडशे वॅटच्या आसपास उष्णता खाली येते, म्हणजे सगळ्या छपराची मिळून जवळजवळ ३ किलोवॅट. बाथरूममधला छोटा इन्स्टंट गीझर तेवढाच असतो. म्हणजे अण्णा रोज दुपारी चार तास डोक्यावर गीझर चालू ठेवून बसत होते.

उपाय सुचला तो बेदाण्यामुळं. तासगावकडं आमचे नातेवाईक आहेत, त्यांचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला असतो, मे महिन्यात त्यांच्याबरोबर गेले होते. बाहेर रणरणतं ऊन, कोल्ड स्टोरेजच्या भिंतीला बाहेरनं हात लावला तर चटका, आणि दार उघडून आत गेलं की तीच भिंत थंडगार. मधे फक्त चार बोटं जाडीचं पॅनल. दोन पत्रे आणि मधे पफ, म्हणजे पॉलीयुरेथेनचा फोम. आपल्या जिल्ह्यात एवढी कोल्ड स्टोरेज आहेत, बेदाणा, हळद सगळं त्यात सुखात राहतं, आणि माणूस मात्र पत्र्याखाली. तिथनं येताना मी गाडीत गप्पच होते.

कडक फोमचे बोर्ड तीन प्रकारचे मिळतात. पहिला म्हणजे साधा थर्माकोल, त्याला ईपीएस म्हणतात, ते दाणेदार असतं. दुसरा एक्सपीएस, थर्माकोलचंच प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, पण दाणे नसतात, सलग, गच्च, बहुतेक निळा किंवा गुलाबी असतो. तिसरा पफ. उष्णता अडवण्यात पफ सगळ्यात पुढं, मग एक्सपीएस, मग थर्माकोल, पण फरक लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. मी एक्सपीएस घेतला कारण त्यात पाणी जवळजवळ शिरत नाही आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर पत्रा कुठं ना कुठं ठिबकतोच. ५० मिलिमीटर जाडी. आई म्हणाली थर्माकोलवर बंदी आलीय ना, तर ती २०१८ ला ताट-वाट्या आणि गणपतीच्या मखराच्या थर्माकोलवर आली, हे बांधकामाचं सामान आहे, दोन्ही वेगळं.

एक बोर्ड सव्वा मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद, वजन जेमतेम सव्वा किलो. हिशोबानं २७ लागत होते, मी ३० आणले. टेम्पोतनं उतरवताना अण्णा एक बोर्ड दोन बोटांवर तोलून बघत होते. "ह्यात काय हाय गं?" मी म्हणलं हवा आहे अण्णा, बंद करून ठेवलेली हवा, आणि ती हलत नाही म्हणूनच उष्णता पुढं जात नाही. त्यांनी कटरनं कोपऱ्याचा तुकडा काढला, उन्हात धरून आतली बारीक घरं बघितली आणि तो तुकडा खिशात टाकला.

आणि मग चूक झाली, ती पण सांगते. माझा पहिला विचार असा होता की बोर्ड पत्र्याला आतनं सरळ चिकटवून टाकायचे. दुकानात विचारलं, तर सनमायकाला वापरतात ते पिवळं रबरी सोल्युशन दिलं, बिनधास्त चिकटेल म्हणाले. एका बोर्डाला लावून ठेवला. पाच मिनिटांनी बघते तर सोल्युशनच्या खाली बोर्ड खचायला लागलेला, बोट लावलं तर बोट आत, आणि वर ओढलं तर चिकट दोरे निघत होते. सोल्युशनमधल्या सॉल्व्हंटनं फोम विरघळवला होता. हे मला माहीत असायला पाहिजे होतं, पॉलिस्टायरीन पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर ह्या सगळ्यात विरघळतं. तेव्हा कुणी करणार असाल तर पॉलिस्टायरीनला चालणाराच गम घ्या आणि आधी एका तुकड्यावर लावून रात्रभर ठेवून बघा, किंवा मी नंतर केलं तसं गमाचा नादच सोडा आणि स्क्रूनं बसवा.

स्क्रूनं करायचं ठरल्यावर खरा प्रश्न आला की बोर्ड कुठं बसवायचे. लोखंडी काम करणारा फॅब्रिकेटर म्हणाला पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या, मधे मधे कापून बसवतो, दिसायला छान दिसतं आणि उंची पण जात नाही. मी नको म्हणलं. लोखंडातनं उष्णता ह्या फोमच्या हजारपटीपेक्षा जास्त सहज जाते, म्हणजे दर पर्लिनपाशी तुम्ही उष्णतेला वाटच ठेवली. बोर्ड पर्लिनच्या खालनं सलग गेले पाहिजेत, लोखंड सगळं वरच्या बाजूला, आणि माणूस खालच्या बाजूला. दोन-तीन इंच उंची गेली पण हे एकदा पटवून दिल्यावर तो पोरगा इतका मनापासून राबला की शेवटी कुठं फट दिसली की मला हाक मारायच्या आधीच बुजवायचा.

बसवायची पद्धत अण्णांनी सुचवली. ह्या बोर्डाच्या कडेला खाच असते, एकावर एक बसायला. अण्णा म्हणाले कौलं शाकारतो तसं बसवा, खालनं वर, वरच्याची कड खालच्याच्या कडेवर. का, तर हिवाळ्यात पहाटे पत्रा आकाशाकडं उष्णता सोडून सोडून हवेपेक्षा थंड होतो आणि आतनं दव धरतो, ते थेंब पडतात. आमच्या गॅरेजमध्ये डिसेंबरात सकाळी मशीनवर पाण्याचे थेंब असायचे आणि अण्णा रोज कापडानं पुसून तेलाचा हात फिरवायचे. आता थेंब पडला तरी बोर्डावर पडणार आणि उतारानं खाली जाऊन वळचणीला बाहेर. म्हणून वळचणीची कड बंद केली नाही, तिथं बारीक लोखंडी जाळी मारली. वरच्या टोकाला पण तशीच जाळी, म्हणजे पत्रा आणि बोर्डाच्या मधली तापलेली हवा वरनं निघून जाते. जाळी उंदरांसाठी. उसाचं रान जवळ असलं की उंदीर आलाच, आणि फोम तो खात नसला तरी कुरतडून घर करतो, मुंगळे पण करतात.

सांधे विटकामासारखे मोडून घेतले, एका ओळीचा जोड दुसऱ्या ओळीला येऊ दिला नाही. भिंतीकडच्या फटी स्प्रेच्या फोमनं भरल्या, जोडांवर खालनं अॅल्युमिनियमचा टेप. ह्या टेपच्या कामाला अख्खा दिवस गेला आणि मी त्यात कुठंही घाई करू दिली नाही. दोन इंचाचा बोर्ड आणि मधे बोटभर फट ठेवायची, म्हणजे स्वेटर घालून बटणं उघडी टाकायची.

आता आगीचं. हे मी ठळकपणे लिहितेय कारण फोटो टाकल्यावर दोघांनी विचारलं की बोर्ड एवढे छान दिसतात तर खाली सीलिंग कशाला. पॉलिस्टायरीन पेटतं. शंभर डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, पेटलं की वितळलेले थेंब खाली पडतात आणि काळाकुट्ट दाट धूर होतो, बंद जागेत तो धूर आगीच्या आधी माणूस घेतो. बोर्डात आग मंदावणारं केमिकल असतं पण त्याच्या भरवशावर उघडा ठेवायचा नसतो. आणि आमच्याकडं तर स्कूटरची टाकी, अण्णांची पार्ट धुवायची थाळी. म्हणून बोर्डाच्या खाली जीआय चॅनल मारून साडेबारा मिलिमीटरचं जिप्सम बोर्ड लावलं, जोड भरून घेतले. जिप्सममध्ये पाणी बांधलेलं असतं, तापलं की ते आधी सुटतं आणि तेवढा वेळ मिळतो. ह्याचं वजन मात्र आहे, फोम सगळा मिळून ३५ किलो आणि जिप्सम पावणेदोनशे, म्हणून फॅब्रिकेटरकडनं आधी दोन आडवे स्क्वेअर पाइप वाढवून घेतले. जुन्या अँगलवर तसंच टांगू नका. आणि पेट्रोलची थाळी मी अंगणात नेऊन ठेवली, त्यावरनं अण्णांशी दोन दिवस थोडं वाजलं, पण पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरत जाते, हे त्यांना मुळात माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, एसटीत तीस वर्षं काढलीत त्यांनी. तिसऱ्या दिवशी त्यांनीच अंगणात फरशीचा तुकडा टाकून जागा केली.

वायरिंगचं पण बघा. पीव्हीसीची वायर पॉलिस्टायरीनला चिकटून राहिली तर वायरच्या कव्हरमधला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू फोममध्ये जातो आणि कव्हर कडक होऊन तडकतं. ट्यूबलाइट आणि पंख्याच्या सगळ्या वायरी पाइपातनं घेतल्या. आणि बोर्ड आणल्यावर आठ-दहा दिवस गच्चीवर उघड्या उन्हात ठेवू नका, पिवळे पडून वरनं पीठ सुटतं.

सगळं मिळून आम्हाला ३५ हजाराच्या आसपास खर्च आला, त्यात बोर्ड एक तृतीयांश, जिप्सम आणि चॅनल तेवढंच, बाकी लोखंड, स्क्रू, मजुरी. एसी लावा म्हणणारे पण होते. पण पत्र्याखाली एसी म्हणजे त्या गीझरशी रोज भांडायचं आणि बिल भरायचं, आणि बायका येणार जाणार म्हणून शटर तर उघडंच असतं.

काम संपलं मे महिन्याच्या शेवटी. दुसऱ्याच दिवशी दुपारी अडीचला परत गन घेऊन उभी राहिले. पत्रा वरनं तसाच, ६०. खाली जिप्समवर ३८. हिशोबानं तीन हजार वॅटचे पावणेतीनशे वॅट झाले होते. आईला मी आकडे सांगत होते तर ती म्हणाली आकडे राहू देत, आणि गॅरेजच्या मधोमध उभी राहून तिनं डोक्यावरचा पदर काढला. ती आटपाडीकडची, तिच्या माहेरी माळवदाचं घर होतं, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. मामाकडं आम्ही मे महिन्यात जायचो, दुपारी त्या घरात चादर घेऊन झोपावंसं वाटायचं. "तसं वाटायलंय," ती म्हणाली.

पण तसं पूर्ण नाही, आणि हे नीट समजून घ्या. माळवद उष्णता स्वतःत साठवतं, दिवसभराचं ऊन आत यायला त्याला रात्र होते आणि रात्री सगळे वर जाऊन झोपलेले असतात. फोमचं काम वेगळं, तो साठवत नाही, नुसती अडवतो. त्यामुळं भिंतीतनं आणि जमिनीतनं जी उष्णता आत आलीय तिला पण तो रात्री वरनं जाऊ देत नाही. पूर्वी पत्रा रात्री आठपर्यंत गार व्हायचा, आता गॅरेज संध्याकाळी थोडं उबदारच राहतं. म्हणून दिवस मावळला की शटर अर्धं वर आणि मागची खिडकी उघडी, तासाभरात निवतं. मागे खिडकी नसेल तर आधी ती पाडा, मग फोमचं बघा.

जूनच्या आधी एक वळीव आला, गारांचा. पूर्वी वळीव आला की गॅरेजमध्ये एकमेकांचं बोललेलं ऐकू यायचं नाही, अण्णा काम सोडून कानात बोटं घालायचे. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या काकू मशीन घेऊन बसल्या होत्या, बाहेर अंगणात गारा उडताना दिसत होत्या आणि वरनं नुसता दबका आवाज, लांब कुणीतरी तांदूळ पाखडल्यासारखा. अण्णांनी मान वर केली, सीलिंगकडं बघितलं, आणि परत मशीनमध्ये घातली.

पावसाळ्यात एकदा दोन जे-हुकपाशी, म्हणजे पत्रा पकडणाऱ्या वाकड्या हुकांपाशी, गळलं, पाणी बोर्डावरनं उतारानं वळचणीला आलं, आत थेंब नाही. तरी हुकाचे वॉशर बदलून घेतले. हे खरं तर आधीच करायला पाहिजे होतं, आता वरनं गळती कुठं आहे ते खालनं दिसत नाही. डिसेंबरात मशीनवर दव नव्हतं. अण्णांनी पुसायचं कापड मात्र रोज सकाळी घेतलेलं मी बघितलंय, इतक्या वर्षांची सवय.

आणि आता हा एप्रिल. अण्णा दुपारी गॅरेजमध्येच असतात, पंचा खांद्यावर, डोक्यावर नाही. आता काय झालंय, छप्पर गप्प झाल्यावर शटर बोलायला लागलंय. ते पश्चिमेला आहे, तीननंतर सरळ ऊन घेतं, आणि अर्धं खाली असलं की त्याची धग बसते. मला ते सुचलंच नव्हतं. परवा कॉलेजवरनं आले तर अण्णांनी शटरला आतनं काळी पट्टी चिकटवलेली, हातात ती गन, ती अजून आमच्याकडंच आहे, परत द्यायचीय. मला बघून म्हणाले,

"चोपन्न. शटर गुंडाळतंय, त्याला बोर्ड लागायचा न्हाय. बाहेरनं फुटावर ताडपत्री ओढली तर?"

मी चप्पल पण काढली नव्हती. तशीच टेप घेऊन बाहेर गेले, अण्णांनी दुसरं टोक धरलं.